दुसऱ्या खुर्चीत कोण बसणार?



'उप' ही दोन अक्षरं एखाद्या शब्दापुढं लागली, की त्या शब्दाचा रुबाब थोडा उतरतो असं आपल्याला वाटतं. सरपंच म्हटलं की फेटा डोळ्यांपुढं येतो, उपसरपंच म्हटलं की फेट्यामागून डोकावणारी टोपी! पण आमच्या धाराशिव जिल्ह्यातली तेरणा नदी घ्या. भूगोलाच्या पुस्तकात ती मांजरेची उपनदी. मांजरा पुन्हा गोदावरीची उपनदी. म्हणजे आमची तेरणा झाली उपनदीची उपनदी. आता हे तेर गावात जाऊन, गोरोबाकाकांच्या देवळाजवळ बसलेल्या एखाद्या शेतकरी आजोबांपुढं बोलून बघा बरं! ज्याचं रान तिच्या पाण्यावर भिजतं, त्याच्या लेखी तीच गंगा.

तर आज आपण अशा 'उप' माणसांविषयी बोलू. उपराष्ट्रपती, उपमुख्यमंत्री, उपसरपंच, अगदी वर्गातला उपमॉनिटरसुद्धा. हा माणूस त्या जागेला लायक आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं? आणि वर्तमानपत्रं, टीव्हीवाले त्याच्यावर तुटून पडले, तर त्यातलं किती धरायचं नि किती सोडायचं?

विषय निघाला तो शाळेच्या परिपाठात. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले. आधीचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी जुलैत राजीनामा दिला होता, म्हणून ही निवडणूक लागली. ९ सप्टेंबरला मतदान झालं. राधाकृष्णन यांना ४५२ मतं आणि त्यांच्या समोरचे बी. सुदर्शन रेड्डी यांना ३००. बातमी वाचून झाली, तसा पाचवीतला एक पठ्ठ्या उभा राहिला. "बाई, राष्ट्रपती हायत की. मग आनिक उपराष्ट्रपती कामून?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. रोजचं काम विचाराल, तर उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे सभापती असतात. पण त्यांची खरी गरज कळते ती वेगळ्याच दिवशी. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचं अचानक निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी लगेच राष्ट्रपतिपदाची सूत्रं हाती घेतली. पुढं गिरींनाच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती, म्हणून त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. आता आली का पंचाईत? राष्ट्रपती नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत! तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपदाचं काम पाहिलं, २४ ऑगस्टपर्यंत. हे हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढं नागपूरच्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. त्याच दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला आले, तेव्हा भारताचे राष्ट्रपती म्हणून त्यांचं स्वागत हिदायतुल्लांनी केलं. आणि गंमत अशी की दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, हेच हिदायतुल्ला देशाचे उपराष्ट्रपती झाले.

म्हणजे दुसऱ्या खुर्चीतला माणूस कोणत्या दिवशी पहिल्या खुर्चीत बसेल, याचा नेम नाही. म्हणून त्याला पारखताना मी मुलांना एकच प्रश्न विचारते. पहिला माणूस उद्या सकाळी आलाच नाही, तर याच्याच्यानं काम निभेल का?

कायदा काय म्हणतो? उपराष्ट्रपती व्हायला माणूस भारताचा नागरिक हवा, वय ३५ पूर्ण हवं, राज्यसभेवर निवडून येण्याची पात्रता हवी आणि तो सरकारी लाभाच्या पदावर नसावा. झालं! बी. ए., एम. ए. सोडा, दहावी पास हवा असंसुद्धा राज्यघटनेत कुठं लिहिलेलं नाही. मत द्यायचं असतं लोकसभा आणि राज्यसभेच्या खासदारांनी, तेही गुप्त. उपमुख्यमंत्र्याचं तर त्याहून गमतीचं. घटनेत हे पदच नाही. तरी महाराष्ट्राला १९७८ मध्ये नाशिकराव तिरपुडे यांच्या रूपानं पहिले उपमुख्यमंत्री मिळाले आणि १९९५ मध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले गोपीनाथ मुंडे त्या पदावर बसले. थोडक्यात, कायद्याची चाळण मोठ्या भोकांची आहे. तिच्यातून पुष्कळजण खाली येतात. पुढची पिठाची बारीक चाळणी ज्याची त्यानं लावायची असते.

ती लावताना काय गोंधळ होतो, ते आमच्या शाळेतच बघायला मिळालं.

आमच्याकडं दरवर्षी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. यंदा मुलांनीच नियम केला, की मुख्यमंत्रिपदाला उभा राहणाऱ्यानं आपला उपमुख्यमंत्रीही आधीच सांगायचा आणि मत जोडीला द्यायचं. अमेरिकेत असंच असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. तिथं अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार निवडतो आणि लोक दोघांना मिळून मत देतात. तर सातवीतल्या एका मुलानं आपली जोडीदार म्हणून सहावीतल्या एका मुलीचं नाव दिलं. ही मुलगी ऊसतोड कामगारांची. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ जी रेटारेटी होते, ती तिनं कुणी न सांगता रांग लावून मिटवली होती. पाण्याचं खातं तिच्याकडं जाणार, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भित्तिपत्रकावर मोठा लेख. मथळा असा: "'पानी' म्हणणारी पाणीमंत्री?" खाली चार आक्षेप. ती सहावीत आहे, सातवीत नाही. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणते. पंधरा ऑगस्टच्या भाषणात मध्येच अडखळून गप्प झाली. आणि शेवटचा, सगळ्यात खाली बारीक अक्षरात: दिवाळीनंतर आईवडिलांसोबत कारखान्यावर गेली, तर तिचं काम कोण करणार?

तिच्या बाजूची पोरं चिडली. दोघंतिघं तर कागद फाडायलाच निघाली. मी म्हटलं, कागदाला हात लावायचा नाही. तुम्हाला उत्तर द्यायचं असेल, तर शेजारी तेवढीच जागा देते.

मुलांनो, ते चार आक्षेप पुन्हा वाचा. पहिल्याला अर्थ नाही, कारण नियमात सातवीची अट नव्हती. दुसरा तर नुसती चेष्टा आहे. तहानलेल्या माणसाला पाणी काय नि पानी काय, ओंजळ भरली म्हणजे झालं. आमच्या भागात निम्मं गाव 'पानी'च म्हणतं, आणि म्हणून कुणाची विहीर आटलेली नाही. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे. चार माणसांपुढं बोलणं हा त्या कामाचा भाग आहे, पण ते शिकता येतं. चौथा आक्षेप मात्र सोळा आणे खरा. काम करायला माणूस जागेवर लागतो. आणि हाच प्रश्न पोरांनी सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहिला! मथळा दिला तो 'पानी'ला, कारण त्यावर हसू येतं. मोठ्यांच्या वर्तमानपत्रांतही कधीकधी असंच होतं, पण ते पुढं येईलच.

त्या मुलीनं काय उत्तर लिहिलं, सांगू? पहिल्या तीन आक्षेपांबद्दल एक अक्षर नाही. फक्त चौथ्याला उत्तर. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेत होते. तिनं लिहिलं, की मी यंदा वसतिगृहात नाव घातलंय आणि आजीजवळ राहणार आहे. पण तिकडं आई आजारी पडली, तर धाकट्या भावाला सांभाळायला मला जावं लागेल. तसं झालं, तर टाकीची वही कुणाकडं द्यायची ते आम्ही ठरवून ठेवलं आहे.

ती जोडी निवडून आली. आणि डिसेंबरात खरंच तिला जावं लागलं, वीसएक दिवस. भित्तिपत्रकवाल्यांनी लगेच बातमी लावली, 'उपमुख्यमंत्री गैरहजर!' बातमी खरी होती, म्हणून ती तशीच राहिली. टाकीपुढची रांगही राहिली, कारण वही ठरल्याप्रमाणं पाचवीतल्या मुलीकडं गेली होती. त्याची बातमी मात्र कुणी लावली नाही. ती लावा म्हणून मलाच संपादकांच्या मागं लागावं लागलं.

आता मोठ्यांकडं वळू. आमच्या शेजारीच सोलापूर. तिथले सुशीलकुमार शिंदे तुमच्या आईवडिलांना चांगले माहीत असतील. घरची गरिबी. तरुणपणी सोलापूरच्या न्यायालयात ते पट्टेवाल्याची नोकरी करत. नोकरी करत शिकले, वकिलीची पदवी घेतली, पोलीस खात्यात फौजदार झाले आणि १९७४ मध्ये करमाळ्यातून आमदार. २००२ मध्ये काँग्रेस आणि इतर काही पक्षांनी त्यांना उपराष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. समोर होते राजस्थानचे माजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत. त्यांचं शिक्षण वडील वारल्यामुळं सुटलेलं, शेती केलेली, आणि तेही एके काळी फौजदारच! म्हणजे देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीसाठी दोन माजी फौजदार समोरासमोर. १२ ऑगस्टला मतदान झालं. शेखावतांना ४५४ मतं पडली, शिंद्यांना ३०५. शिंदे हरले, आणि पाचच महिन्यांनी, जानेवारी २००३ मध्ये, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

'पट्टेवाल्याचा मुख्यमंत्री झाला' ही गोष्ट ऐकायला फार गोड आहे. मीही ती वर्गात सांगते. पण एक बघा. कुणी म्हणालं, "हं, पट्टेवाला होता, त्याला काय कळतंय?" तर ते जितकं पोकळ, तितकंच "पट्टेवाला होता ना, मग तो चांगलाच असणार" हेही अपुरं. त्या गोष्टीवरून माणसाची जिद्द कळते. कामाची कुवत बघायची, तर त्यांनी अर्थमंत्री म्हणून राज्याचे अर्थसंकल्प मांडले, त्याकडं बघायला हवं. ते वाचायला कंटाळवाणं आहे, म्हणून सहसा कुणी वाचत नाही.

आणि याच शिंद्यांवर पुढं सडकून टीका झाली, तीही बघू. २०१२ मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री होते. वीज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या तारांच्या मोठ्या जाळ्याला ग्रीड म्हणतात. ३० जुलैला उत्तर भारताचं ग्रीड बंद पडलं. ३१ जुलैला तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड कोसळली. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, ६० कोटींहून अधिक लोक राहतात तो भाग अंधारात गेला. (आपल्याकडची वीज त्या दिवशी त्या कारणानं गेली नव्हती. आमच्या गावात गेलीच असेल, तर ती नेहमीची!) आणि त्याच ३१ तारखेला शिंद्यांना देशाचं गृहमंत्रिपद मिळालं. वर्तमानपत्रांनी विचारलं, हे काय बक्षीस आहे का? हा प्रश्न झोंबणारा होता, पण रास्त होता. ज्याच्याकडं खातं, त्यालाच विचारणार ना? काही राज्यांनी वाट्यापेक्षा जास्त वीज ओढली होती, हेही कारणांमध्ये होतं. ते सांगायची संधी मंत्र्याला असतेच. तो प्रश्न त्यांच्या पट्टेवालेपणाबद्दल नव्हता, त्यांच्या कामाबद्दल होता.

याहून अवघड उदाहरण आर. आर. पाटलांचं. सगळा महाराष्ट्र त्यांना आबा म्हणायचा. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे, कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत काम करत शिकलेले. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. तुमच्या आजीला विचारा, त्या वर्षी गावोगावी झाडू घेऊन कोण कोण उतरलं होतं. २००४ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले, गृहखातंही त्यांच्याकडंच. मग २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला. १६६ जणांचे प्राण गेले. पत्रकारांशी बोलताना आबा, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात, अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य बोलून गेले. ते वाक्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही पद सोडावं लागलं. विलासराव लातूरच्या बाभळगावचे. आणि लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, तेव्हा आमच्याकडं तर ही बातमी घराघरात वाचली गेली.

वाक्य एकच होतं, मग एवढा गहजब कशाला? इथं मी टीका करणाऱ्यांच्या बाजूची आहे. त्यांचं हिंदी कसं होतं, हा प्रश्नच नव्हता. पोलीस खातं ज्यांच्या हाती, त्यांनी माणसं गेलेल्या घरांचा विचार करून बोलायला हवं होतं. ग्रामस्वच्छतेचं काम मोठं होतं म्हणून हे वाक्य माफ होत नाही. आणि हे वाक्य वाईट होतं म्हणून गावागावांत झालेलं ते काम पुसलं जात नाही. आबा २००९ मध्ये पुन्हा गृहमंत्री झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते गेले, तेव्हा पुष्कळ लोक रडले. त्यांत २००८ साली रागावलेलेही असतील.

आता थोडं हसू या. अमेरिकेत डॅन क्वेल नावाचे उपाध्यक्ष होते. १९८८ मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांनी त्यांना जोडीदार निवडलं, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. हा माणूस कच्चा आहे, असं वर्तमानपत्रं पहिल्यापासून म्हणत होती. १५ जून १९९२ ला क्वेलसाहेब ट्रेंटन गावच्या एका शाळेत गेले. बारा वर्षांच्या मुलानं फळ्यावर बटाट्याचं इंग्रजी स्पेलिंग लिहिलं, अगदी बरोबर. साहेब म्हणाले, शेवटी अजून एक 'ई' जोड! मुलानं बिचाऱ्यानं जोडला. मग काय, साऱ्या जगानं साहेबांचा बटाटा उकडून सोलून खाल्ला. पण साहेबांच्या हातात शाळेनं दिलेलं जे कार्ड होतं, त्यावरच ते स्पेलिंग चुकीचं होतं. हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. (गुरुजी-बाईंनो, कार्ड दोनदा तपासत चला बरं!) बटाट्याच्या स्पेलिंगवरून राज्यकारभाराची परीक्षा होत नाही. मात्र समोरचा मुलगा बरोबर असेल का, हा विचार त्यांनी क्षणभरही केला नाही, याची मला जास्त काळजी वाटली असती.

दुसरी गोष्ट २००८ ची. जॉन मकेन अध्यक्षपदाला उभे होते. त्यांनी ज्या दिवशी अलास्का राज्याच्या राज्यपाल सारा पेलिन यांना जोडीदार म्हणून जाहीर केलं, त्याच दिवशी ते ७२ वर्षांचे झाले. पेलिनबाईंना राज्यपाल होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्याआधी त्या एका लहानशा गावाच्या नगराध्यक्ष होत्या. तेव्हा 'मकेन यांना काही झालं, तर या देश सांभाळतील का' हा प्रश्न योग्यच होता. एका मुलाखतीत त्यांना विचारलं, तुम्ही कोणती वर्तमानपत्रं वाचता? त्यांना एकाचंही नाव सांगता आलं नाही. हेही लोकांना कळायला हवं होतं. पण 'मला माझ्या घरातून रशिया दिसतो' हे त्यांचं म्हणून जगभर गाजलेलं वाक्य त्यांचं नव्हतंच! ते टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात, त्यांची नक्कल करणाऱ्या नटीच्या तोंडी होतं. अलास्कातल्या जमिनीवरून रशियाचा भूभाग दिसतो, एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि अलास्कातल्या एका बेटावरून तो दिसतोही. अजूनही पुष्कळ शहाणी माणसं ते नकलेतलं वाक्य पेलिनबाईंच्या नावावर सांगतात.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. बातम्या बघताना आपण सहज बोलून जातो, "ह्याला काय कळतंय? कालपर्यंत टपरी चालवत होता." शेजारी गृहपाठ करणारं पोर ते ऐकतं, आणि दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकावर 'पानी'चा मथळा येतो. टीका जरूर करा, पोरांदेखत करा. फक्त "अमुक काम ह्यानं केलं नाही" इथून सुरुवात करा.

आता तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. आपल्या गावच्या उपसरपंचांचं नाव काय? सदस्यांनी आपल्यातूनच त्यांना निवडलेलं असतं आणि सरपंच हजर नसतील, तेव्हा ग्रामपंचायतीची सभा तेच चालवतात. त्यांना किंवा ग्रामसेवकांना भेटून विचारा, की गेल्या वर्षात अशा सभा किती झाल्या आणि त्यांत काय ठरलं. शहरात राहणाऱ्यांनी उपनगराध्यक्षांची किंवा उपमहापौरांची चौकशी करावी. दुसरं, घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातून कुणाही 'उप' माणसावरच्या टीकेची एक बातमी कापा. कामाबद्दलच्या ओळींखाली निळी रेघ मारा. बोलण्याबद्दल, कपड्यांबद्दल, जन्माबद्दल असलेल्या ओळींखाली लाल. वहीत चिकटवा आणि वर तारीख घाला. एखादी ओळ निळी की लाल ते कळेना, तर तीच मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पत्ता नेहमीचाच.

तुमच्या बाई